गाऱ्हाणं घालणाऱ्याचा घसा

माझ्या गळ्यातली गाठ बायकोला पहिल्यांदा दिसली ती मोबाईलवर. गळा रोज समोर असायचा, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या गळ्याकडे कोण बघतं? मागच्या शिमग्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला होता. त्यात मी पालखीसमोर उभा राहून गाऱ्हाणं घालत होतो आणि प्रत्येक वाक्याबरोबर गळ्यात काहीतरी वर-खाली होत होतं. बायकोने व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला, माझ्याकडे पाहिलं, परत मोबाईलकडे पाहिलं.

"हे काय आहे हो?"

"आवाज आहे. बाहेर पडायला बघतोय," मी म्हटलं. त्या दिवसांत मला असले विनोद सुचायचे.

सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासणी झाली. एका गाठीच्या जागी तीन निघाल्या, दोन्ही बाजूंना. सुईच्या तपासणीत नक्की काही कळेना, म्हणून थायरॉईडची पूर्ण ग्रंथीच काढायची ठरली. मुंबईला जा, कोल्हापूरला जा, असे सल्ले पुष्कळ मिळाले. पण मी रत्नागिरीतच नोकरी करतो, रत्नागिरीतच राहतो, आणि ज्या डॉक्टरांनी गाठ हाताने चाचपली होती त्यांनीच ती काढावी असं मला वाटलं. डॉक्टर मूळचे घाटावरचे, पण इथे मुरलेले. त्यांनी कागदावर गळा काढून दाखवला. ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते, दोन्ही बाजूंनी एकेक, सुतासारखी बारीक. आणि तिथेच तुरीच्या डाळीएवढ्या चार गाठी चिकटलेल्या असतात, त्या अंगातलं कॅल्शियम सांभाळतात. दोन्हींना धक्का लागू शकतो. सहसा लागत नाही, पण लागू शकतो. हे सांगून त्यांनी विचारलं, "तुमचं काम आवाजाचं आहे का? शिक्षक, वकील, असं काही?"

"नाही. सरकारी कारकून."

"मग ठीक आहे."

"हे गाऱ्हाणं घालतात," बायको म्हणाली.

डॉक्टरांना शब्द माहीत होता, पण तो आपल्या पेशंटशी कसा जोडायचा ते कळेना. मग बायकोने समजावलं. आमचं गाव इथून तासाभरावर, आत डोंगराच्या बाजूला. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, येऊन बसते. तिथून घरोघर जायच्या आधी एकाने सगळ्या गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचं, आणि प्रत्येक वाक्यापाठोपाठ गावाने "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. हा मान आमच्या घराकडे आहे. आधी आजोबा, मग वडील, आता हे.

"किती वेळ चालतं?"

"पाच-दहा मिनिटं. वर्षातून एकदा."

डॉक्टर हसले. मीही हसलो. बायको हसली नाही.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. शुद्धीवर आल्यावर कुणीतरी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. ओठ हलले, जीभ हलली, सगळं जागच्या जागी हललं, पण बाहेर आली ती नुसती हवा, सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. मला वाटलं गुंगी असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी प्यायलो तर ठसका, आणि ठसक्यालाही जोर नाही. डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. डॉक्टर उभे राहून बोलले की बातमी साधी असते, हे मी तोवर शिकलो होतो.

"नस कापलेली नाही. दुखावली आहे. डावीकडची गाठ तिला चिकटून बसली होती, सोडवताना ताण आला. बहुतेकांचा आवाज परत येतो. कुणाचा तीन महिन्यांत, कुणाचा सहा, कुणाचं वर्ष जातं."

"आणि उरलेल्यांचं?" मी विचारलं. पण त्यांना ते ऐकू गेलं नाही, आणि परत विचारायचा मला धीर झाला नाही.

गाठीचा रिपोर्ट आला. गाठी साध्या निघाल्या. घरात पेढे आले. "सुटलास बाबा," असं जो तो म्हणायला लागला, आणि मी मान हलवायला लागलो. कॅन्सर नाही म्हटल्यावर आवाजासाठी रडणं म्हणजे भरल्या ताटावर बसून लोणच्यासाठी रुसण्यासारखं होतं. मी रुसलो नाही. पण मला वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायचं तर सांगण्याचं साधनच गेलं होतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण औषध घेऊन आला. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. एकाने दृष्ट काढायला सांगितली, कारण मागच्या शिमग्याला माझा आवाज नको तितका चांगला लागला होता म्हणे. मी सगळं घेतलं. नस गळ्याच्या आत आणि गुळण्या तोंडात, त्यांची गाठ पडायची नाही, एवढं मला कळत होतं. तरी गुळण्या केल्या. माणसं आपल्यासाठी काहीतरी करू बघतात, तेव्हा त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवू नये.

काकू आली ती एस.टी.ने, गावाहून, डबाभर नाचणीचं पीठ घेऊन. ती माझ्या चुलतभावाची आई. चुलतभाऊ मुंबईत असतो, भाजीच्या घाऊक बाजारात लिलावाची बोली पुकारतो. तो आणि मी एकाच वर्षी जन्मलो, एकाच शाळेत गेलो, आणि आता बांधावरच्या हापूसच्या एका कलमावरून आमचं बोलणं बंद आहे. कलम अजून उभं आहे. आंबे माकडं खातात. पण काकूने ते भांडण कधी आपल्या अंगाला लावून घेतलं नाही.

माझ्या उशाशी गोळ्यांचं दुकान मांडलेलं होतं. थायरॉईडची छोटी गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियमच्या मोठ्या, खडूसारख्या, दिवसातून चारदा. काकूने एक मोठी गोळी उचलून उजेडात धरली.

"ही कसली रं?"

"कॅल्शियम," बायकोने सांगितलं.

"ह्या कशाला गिळायच्या? नाचनीत कॅल्शियम आसतंय. टीवीवर सांगतात. आमी काय गोळ्या खाऊन मोठी झालो?"

काकू सत्तरी ओलांडून गेलेली, अजून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढण चढते. तिच्यापुढे वाद घालायला तोंड पाहिजे होतं, आणि नाचणीत कॅल्शियम असतं हे तर खरंच आहे. ते आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या मोठ्या गोळ्यांनी माझं पोट पार धरून ठेवलं होतं. मी दोन वेळा आंबील प्यायला लागलो आणि मोठ्या गोळ्या आधी दोनवर आणल्या, मग एकावर, मग विसरायला लागलो. बायकोला सांगितलं नाही. पोट हलकं झालं. मी काकूचे मनातल्या मनात आभार मानले.

ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या तेव्हा थंडी असेल म्हटलं. रत्नागिरीत थंडी कितीशी पडते! पण माणसाला कारण हवं असतं, आणि जे हाताशी असेल ते चालतं.

मग एका सकाळी मी न्हाणीघरात होतो. अंगावर पाणी घेतलं आणि हातातला तांब्या सुटला. उजव्या हाताची बोटं भाताचा घास उचलताना जुळतात तशी जुळली आणि तशीच राहिली. मी डाव्या हाताने ती सोडवायला गेलो तर डावा हातही तसाच झाला. पायांची बोटं आत वळली. मी भिंतीला टेकलो. घसा आवळत चालला होता, आणि श्वास आत घेताना शिट्टीसारखा मोठा आवाज झाला. ऑपरेशननंतर माझ्या घशातून निघालेला तो पहिला मोठा आवाज. हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हाही हसू आलं नाही.

स्वयंपाकघरात मिक्सरवर खोबरं वाटलं जात होतं. मी हाक मारली. म्हणजे ओठ हलवले. मधे एक दार आणि एक भिंत, आणि मी माझ्या बायकोला बोलावू शकत नव्हतो. दाराला आतून कडी, आणि कडी काढायला बोटं लागतात. मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो. तांब्या पायाशी पडला होता. त्याला लाथ मारली, तो दारावर आपटला. परत मारली. मिक्सर थांबला.

"काय आदळताय सकाळी सकाळी?" बायको ओरडत आली.

मी कोपराने कडी वर ढकलली, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा निघाली. तिने माझे हात पाहिले आणि तिचा रागाचा चेहरा जसाच्या तसा ठेवून ती रडायला लागली. त्यानंतरचं बरंचसं तिच्या तोंडून ऐकलेलं आहे. शेजारच्या रिक्षावाल्याने आम्हाला कसं नेलं, वाटेत मी तिच्या दंडात बोटं कशी रुतवली, ते मला आठवत नाही. आठवतं ते इस्पितळातलं: शिरेतून हळूहळू जाणारं कॅल्शियम, छातीला लावलेल्या वायरी, आणि एकेक करून सैल होत गेलेली बोटं. आधी करंगळी सुटली.

"गोळ्या घेत होता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मी छताकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला तेवढ्यात सगळं समजलं.

"नाचणी पीत होते," ती म्हणाली.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "नाचणी चांगली. मीही खातो. पण ज्या गाठी नाचणीतलं कॅल्शियम अंगात टिकवतात, त्याच तुमच्याकडे सध्या झोपल्या आहेत. त्या जाग्या होईपर्यंत गोळी बंद करायची नाही. आंबील प्या, शिरा खा, भाकरी खा. गोळी घेऊन खा."

घरी आल्यावर बायकोने न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली आणि देवघरातली घंटा माझ्या उशाशी आणून ठेवली. काही लागलं की वाजवायची. "ते मान घ्यायला टपलेत हे माहीत होतं," ती म्हणाली, "जीवच घेतला असता." हे ती काकूला उद्देशून नव्हे, काकूच्या मुलाला उद्देशून म्हणाली. त्या बिचाऱ्याला नाचणीची गंधवार्ता नव्हती.

मानाचं असं आहे. आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्यात वाटणी झाली तेव्हा जमीन वाटली, भांडी वाटली, मान वाटला नाही. तो थोरल्याकडे राहिला. चुलतभावाच्या, म्हणजे धाकट्या घराला तेव्हापासून वाटत आलंय की मान आळीपाळीने असायला हवा होता. आणि गावाची रीत अशी की थोरल्या घरचा माणूस गाऱ्हाणं घालू शकला नाही तर धाकट्या घराने घालायचं, आणि एकदा ज्या तोंडाने घातलं त्या तोंडाकडेच ते पुढे राहायचं. सुतकातल्या माणसाला एखाद्या वर्षाची सूट असते. आवाज गेलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न गावापुढे पूर्वी आलेला नव्हता.

मी कामावर परत गेलो. माझ्या कामाला आवाज लागत नाही हे मी डॉक्टरांना सांगितलं होतं, ते खरं ठरलं. उलट साहेबांना मी आधीपेक्षा बरा वाटायला लागलो. गंमत एवढीच की मी कुजबुजलो की समोरचा माणूसही कुजबुजायचा. दाखल्याची चौकशी करायला आलेला गडी टेबलावर वाकून माझ्या कानात सांगायचा की त्याचा फेरफार अजून झालेला नाही. पलीकडच्या टेबलावरच्या लोकांना वाटायचं, इथे काहीतरी शिजतंय. फोनवर लोक "रेंज नाही वाटतं" म्हणून ठेवून द्यायचे. मासळी बाजारात मी बोटाने बांगडे दाखवायचो आणि ती बाई मला मुका समजून दोन बांगडे जास्त टाकायची. मी ते घ्यायचो.

पण एका रविवारी मी एकटाच भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. भर दुपारची वेळ, पुळणीवर चिटपाखरू नाही. सुरूच्या झाडांपासून लांब, पाण्याच्या कडेला उभा राहिलो आणि म्हटलं, "बा देवा म्हाराजा." लाटेच्या आवाजात मलाच ते ऐकू आलं नाही. परत म्हटलं, जोर लावून. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, हवा संपली. वाक्य अर्ध्यातच तुटलं.

मी फारसा देवभोळा नाही. वडील होते. गाऱ्हाणं घालताना ते देवाशी बोलत, मी गावाशी बोलतो असं मला कायम वाटत आलंय. मान मला मिळाला तो वडिलांचं नाक मिळालं तसा, न मागता. तरीही त्या पुळणीवर मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. वर्षभर मी कारकून असतो. त्या पाच-दहा मिनिटांत मी एक वाक्य म्हणतो आणि चारशे माणसं व्हय म्हणतात. ते सुटलं तर मी नुसता कारकून राहणार होतो. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

माघ संपत आला तेव्हा डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. आवाजाची उजवी पट्टी हलत होती. डावी मधूनमधून थरथरल्यासारखी वाटली, पण ते नक्की सांगेनात. "वाट बघू. आवाजाचे व्यायाम करत राहा. पण ओरडायचं नाही, काही झालं तरी. जोर लावलात तर उजवी बाजूही थकेल." मी शिमग्याचं विचारलं नाही. बायकोने विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली ती आडवी.

गावकी देवळात बसली. मुंबईकर मंडळी व्हिडिओ कॉलवर होती, मोबाईल समईच्या बुंध्याला टेकवून ठेवलेला. त्यात चुलतभावाचं अर्धंच तोंड दिसत होतं. मी येऊन बसलो तसं सगळे माझ्याशी कुजबुजत बोलायला लागले. फक्त गावातला सर्वांत थोरला माणूस नेहमीच्या आवाजात बोलला, कारण तो अर्धा बहिरा आहे.

एका तरुणाने माईक सुचवला. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. ऑफिसात एकाच्या निरोप समारंभाला मी माईकवर बोलून पाहिलं होतं. चार शब्द झाले, पाचव्याला दम संपला, आणि माझा श्वास घेण्याचा आवाज शब्दांपेक्षा मोठा आला. आणि थोरल्याने तर ते उडवूनच लावलं. "पालखीम्होरं वायर न्यायची नाय. तो देव हाय, पुढारी नाय."

"मग ह्येनं बारीक आवाजात घालूदे," कुणीतरी म्हणालं. "देवाला काय, ऐकू येतंच."

"देवाला येतंय. मान्सांस्नी नाय येत," थोरला म्हणाला. "नाय ऐकला तर व्हय कशाला म्हनायचा?"

मग समईपाशी मोबाईलमधून चुलतभावाचा आवाज आला. तो हळू बोलला तरी देवळात घुमतो. "त्यो सांगंल तसा मी मोठ्यानं सांगतो. गाऱ्हानं त्याचाच. मी नुसता पुकारतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तोडगा चांगला होता. मीही मान डोलावली. पण घरी येताना एस.टी.त मला घाम फुटला होता. पुढच्या वर्षी लोकांच्या कानात आवाज कुणाचा असणार? त्याचा. ज्या तोंडाने घातलं ते तोंड कोणतं, यावर गावकी बसली तर काय ठरेल? मी बायकोला म्हटलं, "मला काय, सुटलो एकदाचा." ती म्हणाली, "तुम्हाला खोटं पूर्वीपासून जमत नाही. निदान आवाज होता तेव्हा जरा तरी जमायचं."

शिमग्याला चुलतभाऊ आदल्या दिवशी आला. आम्ही एकमेकांना पाहिलं आणि आपापल्या वाटेने गेलो. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी पालखी सहाणेवर येऊन बसली. ढोल-ताशे थांबले. मी पुढे झालो. तो माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्याने वाकून कान माझ्या तोंडापाशी आणला. शाळेत परीक्षेला उत्तर विचारताना तो असाच वाकायचा. कानाच्या पाळीमागचे केस पांढरे झाले होते. हे मला माहीत नव्हतं.

मी पहिलं वाक्य म्हटलं. त्याने मान वर केली आणि ते पुकारलं.

"बा देवा म्हाराजा! सालाबादपरमानं आज तुजी लेकरा तुज्या पायाशी गोळा झाली हायत. त्यांची सेवा गोड मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

तो लिलावाच्या आवाजात पुकारत होता, शेवटच्या टोकाला उभ्या माणसाच्या छातीवर शब्द आदळेल असा. मी टपून होतो. कुठे शब्द बदलतो, कुठे आपलं घालतो, ते पकडायला. त्याने काही बदललं नाही. मी जिथे थांबलो तिथे तो थांबला. मोहोर राखायला सांगितलं, त्याने मोहोर म्हटलं. गुरंढोरं सांगितली, त्याने गुरंढोरं म्हटलं. मुंबईला गेलेल्यांच्या पोटापाण्याचं सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज थोडा हलला, कारण त्यात तो स्वतः होता. कोण चुकला-माकला असंल त्याला पदरात घे, हे वाक्य लांब आहे. मधेच माझा दम संपला. तो तसाच वाकून राहिला. माझा श्वास त्याच्या कानात जात असणार. त्याने घाई केली नाही. गावही थांबलं. मी श्वास घेतला, उरलेलं वाक्य दिलं, त्याने ते जोडून असं पुकारलं की मधे काही तुटलं होतं हे कुणाला कळलं नाही.

शेवटचं वाक्य झालं. गाऱ्हाणं संपलं. आता मी हात जोडायचे आणि पालखी उचलायची. गाऱ्हाण्यात स्वतःसाठी मागायचं नसतं. वडिलांनी आईच्या शेवटच्या आजारातही मागितलं नव्हतं, फक्त गावासाठी मागितलं आणि घरी येऊन ओसरीवर बसून राहिले होते. मला हे सगळं माहीत होतं. पण चुलतभावाचा कान अजून तिथेच होता, आणि चार महिने माझ्या इतक्या जवळ कुणी कान आणला नव्हता.

"देवा," मी म्हटलं, "माझा आवाज मला परत दे. मला फार भीती वाटते."

तो वाकलेलाच राहिला. पालखीच्या दांड्यांना खांदा देणारे आमच्याकडे बघत होते. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं, आता काय पुकारतो म्हणून. त्याने काही पुकारलं नाही. देवाकडे तोंड करून, लिलावाच्या आवाजात नव्हे, घरातल्या घरात बोलावं तसं, तो एकटाच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

आणि गावाने, कशाला ते न कळता, सवयीने, सगळा जोर लावून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

ढोल वाजायला लागले. पालखी उचलली गेली, लोक तिच्यामागे सरकले. आम्ही दोघं सहाणेपाशी मागे राहिलो. त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, मान पुसली, बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "फुडच्या वर्साला तुजा तू घाल. माजा घसा बसला."

त्याचा आवाज खणखणीत होता.